‘काही होत नाही’ या आश्वासनाविषयी

बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य व कुटुंबकल्याण अधिकाऱ्यांस खुले पत्र

माननीय महोदय,



नुकत्याच प्रसूत झालेल्या, अथवा दोन मुलांत अंतर राखू इच्छिणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयात तांब्याची तार गुंडाळलेली जी लहानशी कांडी सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य बसविली जाते, आणि जिला निपाणी-बेळगावकडील मराठी बाई तांबी व कानडी बाई वंकी म्हणून ओळखते, तिच्यासंबंधी एक तजवीज आपल्यापुढे ठेवावी म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तांबी बसवू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट, ज्या कर्नाटक राज्यात संततिनियमन म्हणजे बाईचे ऑपरेशन असे समीकरण इतके रुजले आहे की 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तेथे हवे तेव्हा बसविता आणि हवे तेव्हा काढता येणाऱ्या साधनाचा प्रसार व्हावा अशीच माझी इच्छा आहे. माझा आक्षेप आहे तो ती बसविताना कर्नाटक-महाराष्ट्र सरहद्दीच्या अल्याड आणि पल्याड, सरकारी दवाखान्यात आणि खाजगीतही, ‘घाबरू नका बाई, काही होत नाही’ असे जे आश्वासन शिरस्त्याप्रमाणे दिले जाते त्यावर. हे आश्वासन सद्भावनेने दिले जाते यात शंका नाही. पण ते असत्य आहे. तांबी बसल्यावर गर्भाशयात पुष्कळ काही होते, ते काही तासांत सुरू होते, आणि ते होते म्हणूनच गर्भ राहत नाही. ज्या दिवशी खरोखरच काही होईनासे होईल, त्या दिवशी ती कांडी निरुपयोगी ठरेल.

मी वैद्य नाही. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकविले, आणि विद्यार्थिनींच्या आया-मावश्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत चाळणीच्या धुरळ्यात दिवस काढणाऱ्या किंवा घरी सुपात पान-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या असल्यामुळे त्यांचे बोलणे कानावर पडत गेले. 1981 च्या शेतकरी आंदोलनाने निपाणीच्या तंबाखूचे नाव देशभर झाले, परंतु त्या तंबाखूचा दर जितका चर्चिला गेला तितके ती निवडणाऱ्या बायकांचे शरीर कधी चर्चिले गेले नाही. या बायका आपसांत म्हणतात की तांबीने अंगावरून जास्त जाते, कंबर धरते, अशक्तपणा येतो. आणि ती वर चढून काळजाला लागते असेही म्हणतात. यांतील शेवटचे वगळता बाकीच्या तक्रारी अडाणीपणाच्या नाहीत. त्यांत अचूक निरीक्षण आहे, आणि त्या निरीक्षणामागचे कारण शास्त्राला गेली कित्येक दशके ठाऊक आहे. ते कारण ज्या व्यक्तीच्या शरीरात घडते तिलाच सांगितले जात नाही, एवढाच काय तो या पत्राचा विषय.

प्रथम त्या कारणाकडे वळतो. गर्भाशयाचा अंतःस्तर हे शरीरातील एक विलक्षण संवेदनशील ऊतक आहे: दर महिन्याला ते नव्याने वाढते, ग्लायकोजनचा साठा करते, येऊ घातलेल्या बीजाची वाट पाहते आणि ते न आल्यास गळून पडते. अशा ठिकाणी कोणतीही परकी वस्तू, मग ती निव्वळ प्लास्टिकची का असेना, ठेवली की शरीर तिला परकी म्हणूनच ओळखते. रक्तातील श्वेतपेशी अंतःस्तरात आणि गर्भाशयाच्या पोकळीतील द्रवात मोठ्या संख्येने उतरतात, त्यांच्यामागून भक्षकपेशी येतात, आणि जंतूंचा लवलेश नसतानाही दाहाची एक सौम्य, कायमची अवस्था तेथे प्रस्थापित होते. या पेशी वस्तू गिळू शकत नाहीत, पण तिच्याशी झगडताना त्या मरतात, फुटतात आणि आपल्या पोटातली द्रव्ये पोकळीत ओततात. ही द्रव्ये शुक्रजंतूंना घातक असतात, आणि शुक्रजंतूही त्या पेशींच्या तडाख्यात सापडतात. प्लास्टिकच्या साध्या साधनाचे सारे सामर्थ्य एवढ्यात संपते.

तांब्याने यात जी भर घातली ती समजायला स्वयंपाकघर पुरेसे आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजीला कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय ठाऊक होते. धातूचा सूक्ष्म अंश द्रवात उतरतो आणि द्रवाचा गुणधर्म पालटतो. ताकात हे काम आम्ल करते. गर्भाशयाच्या द्रवात आम्ल फारसे नसले तरी क्लोराइड आहे, प्राणवायू आहे, तांब्याला धरून ठेवणारी प्रथिने आहेत, आणि यांच्या संगतीत तारेचा पृष्ठभाग हळूहळू झिजून तांब्याचे आयन सुटत राहतात. आज वापरात असलेल्या ‘380 ए’ या प्रकारच्या तांबीत उभ्या दांड्यावरील तारेचे 314 आणि आडव्या दोन बाहूंवरील नळ्यांचे प्रत्येकी 33, असे एकूण 380 चौरस मिलिमीटर तांबे उघडे असते, आणि नावातला आकडा तोच आहे. पृष्ठभाग जितका मोठा तितके आयन अधिक, हा साधा हिशेब या आकड्यामागे आहे.

या आयनांचा पहिला आघात शुक्रजंतूवर होतो. त्याची गती मंदावते, शेपटीकडील ऊर्जानिर्मिती बिघडते, त्याच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांचे प्राणिलीकरण होऊन ते आवरण दुबळे पडते, आणि बीजाचे कवच भेदण्यासाठी त्याच्या मस्तकावर जी विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, पिशवी असते तिचे कार्य बिघडते. गर्भाशयमुखाच्या स्रावातही तांब्याचे प्रमाण वाढलेले असते, त्यामुळे आत शिरण्याच्या उंबऱ्यावरच पुष्कळ शुक्रजंतू निकामी होतात. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, गर्भनलिका धुऊन मिळविलेल्या स्त्रीबीजांची तपासणी करण्यात आली तेव्हा, कोणतेही साधन न वापरणाऱ्या स्त्रियांच्या नलिकांत नियमित वाढीस लागलेली बीजे मिळाली, आणि असे साधन वापरणाऱ्या स्त्रियांच्या नलिकांत तसे एकही बीज मिळाले नाही. म्हणजे मुख्य अटकाव फलनापूर्वीच होतो. ‘तांबीने महिन्याच्या महिन्याला गर्भ पडतो’ अशी पापभीरू घरांतील सासवांची जी समजूत असते तिचे उत्तर येथे आहे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तातडीचा उपाय म्हणून तांबी बसविली तर ती फलित बीजाला अंतःस्तरात रुजू देत नसण्याचा संभव मात्र नाकारता येत नाही, आणि विचारणाऱ्या बाईला तेही सांगितले पाहिजे.

दुसरा आघात अंतःस्तरावरच. तेथील कित्येक विकरांच्या गाभ्यात जस्ताचा अणू बसलेला असतो. अल्कलाइन फॉस्फटेज आणि कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज ही त्यांतली ठळक नावे. तांबे जस्ताशी स्पर्धा करते, त्याची जागा बळकावते आणि विकराचे काम मंदावते. ग्लायकोजनचा साठा करण्याची व तो मोडण्याची घडी विसकटते. एका वाक्यात सांगायचे तर, बीजाच्या स्वागतासाठी महिन्याच्या उत्तरार्धात जी कोठी भरावयाची ती नीट भरली जात नाही. मला स्वतःला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मनोवेधक वाटते ती ही जस्त-तांब्याची अदलाबदल. पण बाईच्या दृष्टीने ती गौण आहे, कारण तिला ती जाणवत नाही. तिला जाणवते ते पुढचे.

दाहाच्या या अवस्थेत अंतःस्तर प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये अधिक निर्माण करतो. गर्भाशयाच्या स्नायूला आवळण्याची आज्ञा देणारी ती हीच. पाळीच्या कळा त्यांच्यामुळे येतात, आणि कंबर धरते ती त्यांच्यामुळेच. त्याच वेळी तांबीच्या सान्निध्यातील ऊतकात, रक्ताची गुठळी विरघळविणारे प्लाझ्मिन तयार करणाऱ्या विकराचे बळ वाढते. पाळीच्या वेळी उघड्या पडलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची तोंडे ज्या बारीक गुठळ्यांनी बंद व्हावयाची त्या गुठळ्या लवकर विरघळतात, आणि पाळी अधिक दिवस व अधिक जाते. म्हणूनच ट्रॅनेक्सॅमिक आम्लाची गोळी, जी गुठळीला विरघळू देत नाही, आणि मेफेनॅमिक आम्लाची अथवा आयब्युप्रोफेनची गोळी, जी प्रोस्टाग्लॅंडिनची निर्मिती रोखते, या दोहोंचा येथे उपयोग होतो. रोगाचे रसायन आणि औषधाचे रसायन असे समोरासमोर उभे असताना, ‘सवय होईल, सोसा’ एवढेच सांगून बाईला परत पाठविणे हे ज्ञान असून न वापरण्यासारखे आहे.

आता वर चढण्याचा मामला. तांबे शरीरभर पसरते काय, या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येते. तांबीतून दिवसाला सुटणारे तांबे मायक्रोग्रॅमांत मोजावे लागते; ढोबळमानाने 50 मायक्रोग्रॅम धरले तर रोजच्या भाकरी-आमटीतून, डाळी-शेंगदाण्यांतून पोटात जाणाऱ्या एक-दोन मिलिग्रॅम तांब्याचा तो विसावा ते चाळिसावा हिस्सा भरतो. रक्तातील तांब्याची पातळी त्याने लक्षात येण्याजोगी वाढत नाही, आणि एका तांबीवरचे सुमारे 300 मिलिग्रॅम तांबे दहा वर्षांतही संपत नाही. ज्यांच्या शरीरातून तांब्याचा निचराच होत नाही अशा विल्सनच्या दुर्मीळ आजाराच्या रुग्णांना मात्र ही वर्ज्य आहे. राहिली खुद्द कांडी. ती काळजापर्यंत जाऊ शकत नाही. परंतु बसविताना गर्भाशयाची भिंत भेदली जाऊन ती पोटाच्या पोकळीत गेल्याची उदाहरणे, हजारात सुमारे एक या प्रमाणात, जगभर नमूद आहेत, आणि वखारीतल्या अफवेला जो काही आधार आहे तो हा. हजारातील एक ही गोष्ट लपविल्याने ती दहा हजार तोंडांतून दसपट होऊन बाहेर येते.

या लपविण्याची किंमत या देशाने एकदा मोजलेली आहे. बर्लिनच्या एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी चांदीच्या तारेची कडी गर्भाशयात ठेवण्याचा आपला अनुभव 1929 साली विद्वानांपुढे मांडला, तेव्हा त्या चांदीत सव्वीस टक्क्यांच्या आसपास तांब्याची भेसळ होती आणि कडीच्या यशात त्या भेसळीचा वाटा असावा, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते पुढे चाळीस वर्षांनी उमगले. मधल्या काळात अमेरिकेतील जॅक लिपीस यांनी पॉलिइथिलीनचा नागमोडी लूप काढला, आणि भारत सरकारने 1965 साली तो राष्ट्रीय कार्यक्रमात आणला. उत्साह दांडगा होता. दुसऱ्या वर्षी लूप बसवून घेणाऱ्यांची संख्या नऊ लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर ती घसरत गेली ती सावरली नाही. लूपवर तांबे नव्हते. त्याचे सगळे काम परक्या वस्तूच्या दाहावर चालावयाचे, म्हणून तो आकाराने मोठा ठेवावा लागे, आणि मोठा असल्यामुळे पाळीतील रक्तस्राव जवळजवळ दुपटीवर जाई. शिबिरांत एकेका दिवसात कितीएक बायकांना तो बसविणाऱ्या पथकांनी यातले काहीही सांगितले नाही; पथक पुढच्या गावी गेले आणि बाई मागे आपल्या रक्तासह राहिली. लूपचा पराभव अफवांनी केला असे सरकारी अहवालांत वाचावयास मिळते. माझ्या मते तो मौनाने केला. अफवा त्या मौनाच्या पोकळीत वाढल्या.

तांब्याची कल्पना आली ती चिलीतील डॉक्टर हाइमे झिपर यांच्याकडून. मादी सशाच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात, या निसर्गाच्या सोयीचा फायदा घेऊन त्यांनी एका शिंगात तांब्याची तार ठेवली आणि दुसरे तसेच ठेवले. तार असलेल्या शिंगात गर्भ रुजणे जवळपास थांबले. 1969 साली हा विचार हॉवर्ड टेटम यांच्या टी आकाराच्या प्लास्टिकच्या कांडीशी जोडला गेला. ती कांडी नुसती असताना वर्षाला शंभरांत अठराच्या आसपास स्त्रियांना दिवस जात. 200 चौरस मिलिमीटर तांबे चढविल्यावर तो आकडा एकाच्या आसपास आला. रसायनाने आकाराचे काम हाती घेतले, कांडी लहान झाली, आणि लूपपेक्षा रक्तस्राव कमी झाला. कमी झाला, संपला नाही.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली संततिनियमनाचे केंद्र उघडले, 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले, कोर्टाच्या पायऱ्या चढले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडावयास डॉक्टर आंबेडकर उभे राहिले. 1938 साली आंबेडकरांच्या पुढाकाराने तयार झालेला संततिनियमनाचा ठराव सभासद रोहम यांनी मुंबई कायदेमंडळात मांडला तो नामंजूर झाला. बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. आणि ज्या म्हैसूरच्या अमलाखाली हा मुलूख 1956 साली गेला, त्या म्हैसूर संस्थानाने 1930 सालीच सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला होता. सीमाभागातील मराठी माणसाला ही गोष्ट कबूल करणे जड जाते, मलाही जाते. परंतु या एका बाबतीत म्हैसूरचे दप्तर मुंबईच्या दप्तरापेक्षा पुढे होते, आणि त्या वारशाचा वारसदार या नात्याने आपल्याकडून अपेक्षा करण्याचा आम्हाला हक्क पोहोचतो. कर्व्यांचा सारा आग्रह माणसाला त्याच्या शरीराची शास्त्रीय माहिती त्याच्या भाषेत मिळावी एवढाच होता. साधने स्वस्त झाली, विनामूल्य झाली. माहिती तेवढी महाग राहिली.

आता रक्ताकडे परत येतो, कारण खरा प्रश्न तेथे आहे. निरोगी स्त्रीच्या एका पाळीत सुमारे 35 मिलिलिटर रक्त जाते असे धरले, तर तांबी असताना ते निम्म्याने वाढून 50-55 वर जाते. ही वीस मिलिलिटरची वाढ ऐकायला क्षुल्लक आहे. परंतु तेवढ्या रक्ताबरोबर आठ मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते, वर्षाकाठी ते शंभर मिलिग्रॅम होते, आणि जोंधळ्याच्या भाकरीतील व पालेभाजीतील लोहाचे शंभरांतले पाच-आठ भागच अंगी लागत असल्यामुळे ही तूट भरून काढायला रोजच्या जेवणात चार-पाच मिलिग्रॅम लोह जास्तीचे पडावे लागते. ज्या घरात दूध, अंडी, मटण नियमाने येते तेथे हे सहज साधते. ज्या बाईचे दुपारचे जेवण वखारीच्या ओसरीवर चटणी-भाकरीत उरकते तिच्या बाबतीत ते कसे साधावे? वर उल्लेखिलेल्या पाहणीत कर्नाटकातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या जवळपास निम्म्या स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे तांबी बसवायला येणाऱ्या प्रत्येक दोघींपैकी एकीच्या खात्यात आधीच शिल्लक नाही. याचा अर्थ तिला तांबी नाकारावी असा नाही, कारण अवेळी येणारे बाळंतपण त्याहून कितीतरी अधिक रक्त मागते; याचा अर्थ तिचे हिमोग्लोबिन आधी पाहावे, लोहाच्या गोळ्या तांबीबरोबरच द्याव्यात, आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारे दुसऱ्या जातीचे साधन अंतःस्तर पातळ करून पाळीचे रक्त उलट पुष्कळ घटविते. रक्तक्षयी बाईला खरे तर ते अधिक मानवेल, पण बाजारातील त्याची किंमत विडी वळणाऱ्या बाईच्या आवाक्याबाहेरची आहे.

‘एवढे रसायन नर्सबाईला आणि बाईला कसे समजावयाचे?’ हा प्रश्न आपल्या खात्यातून येईल, आणि त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. 2002 ते 2005 या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने याच जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात 1620 स्त्रियांवर एक प्रयोग केला. खेड्यांतल्या साहाय्यक परिचारिका-दाईंनी, डॉक्टर जवळ नसताना, प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या. आणि प्रसूतिपश्चात रक्तस्रावाचे प्रमाण, नुसती निर्गुण गोळी दिलेल्या स्त्रियांत शंभरांत 12 होते ते, औषध दिलेल्या स्त्रियांत 6.4 वर आले. 2006 साली ‘द लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले, आणि 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. मिसोप्रोस्टॉल हे काय आहे? प्रोस्टाग्लॅंडिनचाच कारखान्यात घडविलेला भाऊबंद. ज्या द्रव्यांमुळे तांबीवाल्या बाईच्या पोटात कळा येतात त्यांच्याच कुळातील एकाने बाळंतिणीचा आवळता न येणारा गर्भाशय आवळून तिचा जीव वाचविला, आणि ते काम बेळगाव जिल्ह्याच्या परिचारिकांच्या हातून झाले. त्यांना तेव्हा मात्रा, वेळ आणि धोक्याची लक्षणे शिकविता आली. मग त्याच द्रव्याची दुसरी बाजू त्यांना समजणार नाही असे मानणे हा त्यांचा अपमान आहे.

दुसरी गोष्ट सरहद्दीची. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. निपाणीच्या सुनेचे माहेर कागल, मुरगूड, गडहिंग्लज वा कोल्हापूर असणे ही रोजची बाब आहे, आणि कागलच्या लेकीचे सासर चिकोडी-संकेश्वरकडे असणे हीही. वार पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत, अथवा अठ्ठेचाळीस तासांच्या आत, तांबी बसविण्याची जी पद्धत आहे तिच्यात बाई माहेरच्या राज्यात तांबी घेते आणि सव्वा-दोन महिन्यांनी बाळाला घेऊन दुसऱ्या राज्यातल्या सासरी परतते. प्रसूतीनंतर लगेच बसविलेली तांबी गळून पडण्याचा संभव एरवीपेक्षा अधिक असतो. कांडीचा दोरा तपासायला बोलावलेले असते ते केंद्र तोवर सरहद्दीपलीकडे राहिलेले असते. दोन राज्यांचा सीमावाद सर्वोच्च न्यायालयात चालू द्यावा, त्याला आमची हरकत नाही. परंतु कोल्हापूरच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून, दोन्हीकडे चालेल असे, मराठी व कानडी मजकुराचे, कांडीचा प्रकार, बसविल्याची तारीख आणि काढण्याचे वर्ष नमूद केलेले एक कार्ड काढायला कोणत्याही आयोगाची गरज नाही. पुठ्ठ्याचा एक कागद लागेल.

भाषेचे असेच. कानडी ही राज्याची भाषा आहे आणि आपल्या परिचारिका ती बोलतात हे यथान्याय आहे. परंतु संमती म्हणून जेथे अंगठा अथवा सही घेतली जाते तेथे, जी गोष्ट बाईला तिच्या भाषेत सांगितलीच नाही तिला तिने संमती दिली असे कोणत्या कायद्याने म्हणावे? अल्पसंख्य भाषकांची वस्ती शेकडा पंधरा अथवा अधिक असेल तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व भारत सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या बाबतीत फार पूर्वीच मान्य केले आहे. फलकांच्या भाषेवरून बेळगाव शहरात आजवर पुष्कळ डोकी फुटली. गर्भाशयाच्या भाषेवरून एकाही पुढाऱ्याने मोर्चा काढला नाही, यात आमच्या बाजूचाही दोष आहे.

हे सर्व सांगून, सांगावयाचा मजकूर कोणी करावयाचा यावर कागद अडकू नये म्हणून तो मीच खाली देत आहे. आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो तपासावा, खोडावा, दुरुस्त करावा, आणि मग आशाताईंच्या पिशवीत घालावा.

“ताई, ह्या कांडीवर तांबं हाय. ते पिशवीत जरा जरा उतरतं, अन् तिथंच राहतं. त्यानं पुरुषाचं बीज दुबळं होतं, म्हणून दिवस जात न्हाईत. बाहेरची वस्तू आत आली हे पिशवीला कळतं, म्हणून पहिले तीन-चार महिने, कुणाला सहा महिने, पाळीत जास्त जाईल, कळा येतील, कंबर धरेल. ते का होतं ते आम्हाला ठाऊक हाय अन् त्याला गोळी हाय. येऊन मागा, लाजू नका. लोहाची गोळी चुकवू नका, रक्त तपासून घ्या. पहिल्या तीन आठवड्यांत ताप आला, पोटात फार दुखलं, घाण वास येऊ लागला, तर त्याच दिवशी या. पाळी चुकली, दोरा हाताला लागेनासा झाला, किंवा कांडी टोचू लागली, तरी या. तांबी काळजात जात न्हाई. हजारात एखादीची पिशवीबाहेर पोटात जाऊ शकती, म्हणून दोरा बघायचा. तुम्हाला नको वाटली तर कुठल्याही दिवशी काढून मागा. कारण सांगायची गरज न्हाई. काढल्यावर लगेच दिवस जाऊ शकतात.”

पहिल्या तीन आठवड्यांचा उल्लेख मी हेतुतः केला आहे. जंतुसंसर्गाचा वाढीव धोका मुख्यतः बसविल्यानंतरच्या सुमारे वीस दिवसांत असतो आणि नंतर ओसरतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातून दिसून आले आहे. तेव्हा तपासणीचा पहिला फेरा याच मुदतीत पडावा, आणि बसविण्यापूर्वी पांढरे जाण्याची वा योनिमार्गाच्या संसर्गाची चौकशी एकांतात, पडद्याआड आणि नवरा-सासू बाहेर असताना व्हावी. काढून मागण्याच्या वाक्यावर आपल्या खात्यात सर्वाधिक नापसंती उमटेल याची मला कल्पना आहे. आशाताईला आणि दवाखान्याला मोबदला मिळतो तो बसविण्याचा, टिकविण्याचा वा काढण्याचा नाही. आणि उद्दिष्टाच्या तक्त्यात काढलेली तांबी ही वजाबाकी दिसते. ते वाक्य तरीही गाळू नये अशी माझी विशेष विनंती आहे. बाकीचा सगळा मजकूर बदलला तरी चालेल.

या पत्राची एक प्रत मी मराठी टंकलिखितासह रीतसर आवक-जावक विभागात दाखल करीत आहे. निपाणी व खानापूर तालुक्यांतील परिचारिकांच्या मासिक बैठकीत त्यावर अर्धा तास चर्चा व्हावी, आणि कोल्हापूर जिल्ह्याशी कार्डासंबंधी पत्रव्यवहार सुरू झाल्यास त्याचा दिनांक कळवावा, ही विनंती.



आपली,
एक निवृत्त रसायनशिक्षिका
निपाणी